सावडीचा ठराव

तिच्या वेणीत कापूस होता.

चंद्रशेखरला पहिल्यांदा तेवढंच दिसलं. कॉलेजच्या अरुंद जिन्यातून तो दोन खुर्च्या उचलून वर चालला होता. ती त्याला ओलांडून घाईनं पुढे जायला गेली आणि एका खुर्चीचा पाय तिच्या ओढणीत अडकला. दोघंही जागच्या जागी थांबले.

"थांबा, ओढू नका," तो म्हणाला.

"मी कायले ओढू? तुमचीच खुर्ची ओढून राह्यली."

त्यानं खुर्ची खाली ठेवली. तिनं ओढणी सोडवून घेतली, फाटली का ते पाहिलं. तेव्हा तिची वेणी पुढे आली आणि त्यात अडकलेला पांढरा पुंजका त्याला दिसला. कोणी मुद्दाम फूल माळावं तसा.

"तुमच्या केसांत कापूस आहे."

"असन. सकाळपासून वावरात होती." तिनं हातही लावला नाही. "सभा कुठी आहे?"

"कोणती सभा?"

"पदव्युत्तर विद्यार्थी संघाची. मी मेंबर आहो. धम्मशीला. एम.एस्सी. बॉटनी, दुसरं वर्ष."

"मग एक खुर्ची घ्या," चंद्रशेखर म्हणाला. "मी सचिव आहे, आणि वर खुर्च्या कमी आहेत."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "सचिवाले खुर्च्या उचला लागतात?"

"आमच्या संघात तेवढंच काम असतं."

"मंग यावर्षी वाढवू," असं म्हणून तिनं खुर्ची उचलली आणि त्याच्या पुढून जिना चढून गेली. कापूस वेणीत तसाच होता.

संघाचं नाव मोठं होतं आणि काम खरंच लहान होतं. वर्षातून एक स्नेहसंमेलन, एक निरोप समारंभ, बस. चंद्रशेखर एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. घर बुलढाण्यातच, वडील एसटीत कंडक्टर. तो सचिव झाला तो निवडून वगैरे नाही, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून. खजिनदार अजहर त्याचा वर्गमित्र. तो देऊळघाटचा, रोज गाडीनं ये-जा करणारा. धम्मशीलाही देऊळघाटचीच, पण गावात दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं.

त्या दिवशी सभेत स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा रंग कोणता यावर बराच वेळ गेला. मग धम्मशीलानं हात वर केला.

"मांडव राहू द्या. दिवाळीनंतर आमच्या वर्गातल्या पोरी कुठी जातात, कोणाले माहीत आहे?"

कोणीतरी मांडवाच्या रंगांचा कागद घडी करून ठेवला.

"वेचणीले जातात. मीबी जातो. पहिले देशी कापूस होता तवा बोंडं हळूहळू फुटत, वेचणी संक्रांतीपावतर चाले. बीटी आलं तसं सगळं वावर एकदम पांढरं होते. सगळ्याइचं एकदमच, म्हणून मजूर भेटत नाही. घरच्याइले उतरा लागते. इकडं गुरुवारी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकल बुडले का परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत, अन् फॉर्म घेतला नाही का घरचे म्हणतात, झालं तुयं शिक्षण. मागल्या वर्षी आमच्या वर्गातल्या अशाच गळल्या पोरी. आता त्याइच्या लग्नाच्या पत्रिका येऊन राह्यल्या."

चंद्रशेखरनं घसा साफ केला आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "सदर विषयावर सर्वसाधारण सभेत निर्णय घेण्यात येईल."

जिना उतरताना ती त्याच्या बाजूला आली. "सचिव, एक विचारू? तुमी घरीबी असंच बोलता का?"

"कसं?"

"सदर भाकर वाढण्यात यावी."

अजहर मागून इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. चंद्रशेखरचे कान तापले. पण घरी गेल्यावर ताटावर बसताना त्याला ते वाक्य आठवलं आणि आईनं विचारलं, "काऊन रे, एकटाच हसून राह्यला?"

सर्वसाधारण सभा त्यानं सोमवारी ठेवली. सूचनाफलकावर कागद लावला, खुर्च्या मांडल्या, पाण्याचा माठ भरून घेतला. आणि सभेला कोणी आलं नाही. अजहरला ताप होता. चंद्रशेखर रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटा बसून राहिला. शेवटी शिपाई आला आणि कुलूप लावायचं आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरली तेव्हा तो स्टँडवर उभाच होता.

"लोकांनाच नको आहे," तो म्हणाला. राग लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "तुम्ही स्वतःसुद्धा आला नाहीत."

"कोणाले विचारून सोमवार धरला?"

"म्हणजे?"

"सोमवारी माणूस वावरात असते. ज्याइच्यासाठी सभा, थेच वेचणीत. तुमची सभा कोण ऐकन, खुर्च्या?" ती चालता चालता बोलत होती आणि त्याला तिच्या वेगानं चालावं लागत होतं. "बाजाराच्या दिवशी ठेवा. रविवारी बुलढाण्याचा बाजार. त्या दिवशी आमच्या बाजूचं कोणीच वेचणीले जात नाही. सगळे इथंच येतात. कोणी मिरची घ्याले, कोणी चप्पल शिवाले."

"रविवारी कॉलेज बंद असतं."

"झाड तर बंद नसते ना."

कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंब होता. पुढच्या रविवारी त्याच्याखाली सभा झाली. पोरंपोरी भाजीच्या पिशव्या घेऊन आली. कोणाच्या हातात कोंबडी होती, ती मधूनमधून ओरडत होती. उंद्री गावाकडचीही काही पोरं आली होती. चंद्रशेखर बोलायला उभा राहिला, 'सदर' तोंडावर आलं, आणि समोर धम्मशीला ओठ दाबून उभी दिसली. त्यानं ते गिळलं आणि साध्या भाषेत बोलला. वेचणी संपेपर्यंत प्रॅक्टिकल पुढे ढकलावं, असा ठराव सगळ्यांनी हात वर करून केला.

प्राचार्यांनी ठराव नीट वाचला. माणूस वाईट नव्हता. "मला समजतं," ते म्हणाले, "माझं लहानपण खेड्यातच गेलं. पण वेळापत्रक विद्यापीठाचं आहे. माझ्या हातात असतं तर दिलं असतं. दुसरं काही सुचत असेल तर आणा."

बाहेर चहाच्या टपरीवर तिघं बसली. धुक्यासारखी थंडी पडायला लागली होती. धम्मशीला दोन्ही हातांनी ग्लास धरून बसली होती आणि चंद्रशेखरनं तेव्हा पहिल्यांदा तिची बोटं नीट पाहिली. नखांच्या कडा चिरलेल्या, वाळलेल्या.

"झालं," अजहर म्हणाला. "आता मांडवाचा रंग ठरवू."

"नाही झालं," ती म्हणाली. "प्रॅक्टिकल हालत नसन तर माणसं हालवू. सावड करू."

"सावड म्हणजे?" चंद्रशेखरनं विचारलं.

अजहरनं कपाळावर हात मारला. "अबे, अर्थशास्त्राचा एम.ए. तू. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या वावरात. दिवसाले दिवस. मजुरी नाही."

"गुरुवारी आमचं प्रॅक्टिकल," धम्मशीला म्हणाली. तिचा आवाज हळूहळू चढत गेला. "आर्टसवाल्याइले गुरुवारी तास नाही. थे आमच्या वावरात येतीन, आमी प्रॅक्टिकलले जाऊ. मंगळवारी उंद्रीच्या पोराइचं प्रॅक्टिकल, तवा आमी त्याइच्याकडं. असं फिरवत नेऊ. संघानं ठराव कराचा अन् संघानंच उतराचं. मेंबर पहिले."

"आणि माझ्यासारख्यांचं काय?" चंद्रशेखर म्हणाला. "मी तुमच्याकडे दिवस देईन. पण माझ्याकडे वावर नाही. तुम्ही फेडणार कसं?"

तिनं चहाचा एक घोट घेतला. "तुमच्या घरी पापड तर होत असतीन?"

"होतात."

"मंग लाटाले येईन."

"माझी आई पापडात कोणाला हात लावू देत नाही."

"थे मी पाहून घेईन," ती म्हणाली आणि चहा संपवला.

पुढच्या गुरुवारी चंद्रशेखर आठ-दहा जणांना घेऊन देऊळघाटला उतरला. पुंजाजी, धम्मशीलाचे वडील, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी "जय भीम" म्हटलं, पाण्याचा हंडा दाखवला आणि कामाला लागले. कलाबाईंचं, तिच्या आईचं, तसं नव्हतं. त्या दिवसभर बोलत होत्या.

कापूस वेचायला कमरेला कापड बांधतात, वेचलेला कापूस त्यात टाकत जातात. त्याला ओटी म्हणतात. चंद्रशेखरची ओटी चार पावलांवर सुटून पडायची. धम्मशीला कॉलेजला निघाली होती. खांद्यावर पिशवी, हातात पांढरा एप्रन. ती परत फिरली, त्याच्या मागे उभी राहिली आणि कापडाला अशी गाठ मारली की त्याचा श्वास आत ओढला गेला.

"लय आवळली का?"

"नाही… म्हणजे, ठीक आहे."

"सुटली तर आईले सांगा," ती म्हणाली आणि बांधावरून धावत गाडीकडे गेली. तो ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

"बाबू," कलाबाई दुसऱ्या ओळीतून म्हणाल्या, "कापूस वावरात आहे. रस्त्यावर नाही."

पोरांना हसायला कारण मिळालं. चंद्रशेखर खाली मान घालून वेचायला लागला. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचत. त्याच्या कापसात पानांचा चुरा यायचा. कलाबाईंनी त्याची ओटी उघडून पाहिली आणि पुंजाजींना हाक मारली. "पाहा हो, सचिवानं पत्ती वेचली. मधात मधात कापूसबी आहे."

पण तो दर गुरुवारी येत राहिला. काही पोरं एकदा येऊन गळाली, काही टिकली. मंगळवारी उंद्रीला, गुरुवारी देऊळघाटला, असं चक्र फिरू लागलं. संघाच्या खोलीत आता रंगाच्या गोष्टी होत नसत. कोणाच्या वावरात कोण, हेच ठरत असे. संध्याकाळी धम्मशीला गाडीतून उतरून थेट वावरात यायची, तोवर त्याची परतीची गाडी यायची. मधे जो थोडा वेळ मिळायचा तो बांधावर जायचा. ती त्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून काय पाहिलं ते सांगायची. तो किती वेचलं ते सांगायचा आणि ती ओंजळीत घेऊन त्यातली पत्ती निवडायची, एकेक, त्याच्याकडे पाहत. बोलणं कमी होत होत कधीकधी थांबायचं. मग गाडीचा हॉर्न ऐकू यायचा.

"येतो," तो म्हणायचा.

"गुरुवारी," ती म्हणायची.

शेवटचा गुरुवार प्रॅक्टिकलच्या परीक्षेचा होता. आदल्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. अवेळी पाऊस. संध्याकाळी अजहरचा फोन आला.

"शेखर, पोरगी परीक्षेले जात नाही म्हणून राह्यली. वावर पुरं फुटलं आहे. उद्या पाऊस आला तर कापूस काळा पडन. पुंजाजी काही बोलत नाहीत, पण तिनं ठरवून टाकलं."

चंद्रशेखरनं फोन ठेवला आणि एकेकाला फोन लावायला बसला. कोणाला सर्दी होती, कोणाचा अभ्यास होता. त्यानं कोणाला विनंती केली नाही. तो एवढंच म्हणत होता, "पहिल्या गाडीनं. मी स्टँडवर आहे." वडील बाजेवर बसून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "छत्री नको नेऊ. दोन्ही हात लागतीन."

पहिल्या गाडीला सगळे नव्हते, पण बरेच होते. अजहरनं गावातल्या पोरांना उठवलं होतं. दव उडायची वाट पाहायला त्या दिवशी वेळ नव्हता. वावराच्या मधोमध धम्मशीला ओटी बांधून वेचत होती. दोन्ही हात चालत होते, इतके भरभर की पाहणाऱ्याला वाटावं, बोंडं आपणच तिच्या हातात येत आहेत. यांना पाहिलं तरी ती थांबली नाही.

"कायले आले? मी आहे आज."

"म्हणूनच आलो," चंद्रशेखर म्हणाला. "गाडी निघायला अजून वेळ आहे. एप्रन घ्या."

"मी जात नाही. हे भिजलं तर वर्ष गेलं आमचं. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन."

"पुढच्या वर्षी कोण पाठवणार?"

तिनं तोंड फिरवलं. हात मात्र चालूच.

"कडुनिंबाखाली ज्यांनी हात वर केले," तो म्हणाला, "त्या पोरी आज परीक्षेला बसणार आहेत. त्यांना काय सांगू? जिनं सावड काढली तीच घरी बसली?"

"तुमाले वेचता येत नाही," ती म्हणाली. आवाज फुटला होता. "पत्तीच पत्ती वेचता तुमी. तुमच्या भरवशावर मी बाबाचं वावर सोडून देऊ?"

तेव्हा त्याचं ते सभेतलं मराठी कुठल्या कुठे गेलं.

"नाही येत मले वेचता. पत्ती येईन, कचरा येईन, पण कापूस घरात येईन. तुयी परीक्षा मले देता येत नाही, धम्मशीला. देता आली असती तर दिली असती. वेचणंच जमते, म्हणून वेचून राह्यलो. तू जाय."

त्यानं तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं.

कलाबाई मधल्या ओळी ओलांडून आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, हे नवलच. त्यांनी लेकीच्या कमरेची ओटी सोडली, तिच्यातला कापूस ढिगात ओतला, आणि तेच कापड चंद्रशेखरच्या कमरेला बांधलं. गाठ लेकीसारखीच घट्ट होती.

"जाय वं," त्या म्हणाल्या. "गाडी जाईन."

धम्मशीला बापाकडे पाहत उभी राहिली. पुंजाजी वाकून वेचत होते. त्यांनी वर न पाहता मान हलवली.

ती गेली.

त्या दिवशी कोणी जेवायला बसलं नाही. भाकरी ओळीतच फिरवली. अजहर एक गाणं म्हणत होता, त्याला सूर नव्हता, पण वेग होता. आभाळ खाली खाली येत होतं. दुपार कलली तसा वारा सुटला आणि पहिले थेंब पडले. पुंजाजींनी ताडपत्री ओढली, पोरांनी गाठोडी टिनाच्या गोठ्यात फेकली. पलीकडच्या शेवटच्या ओळी राहिल्या त्या राहिल्याच. बाकीचं वावर रिकामं झालं होतं.

पोरं चहाला अजहरच्या घरी पळाली. चंद्रशेखर गोठ्यातच कापसाच्या ढिगाला टेकून बसला. हात मांडीवर, तळवे वर. टिनावर पाऊस वाजत होता. तेवढ्यात एप्रन डोक्यावर धरून ती पावसातून आली. दारात थांबून तिनं आधी ढीग पाहिला. मग त्याला.

"कसं गेलं?" त्यानं विचारलं.

"गेलं. बाईंनी बोंडच दिलं समोर. म्हणे, याचे कप्पे ओळख." ती हसली आणि डोळे पुसले. "म्हटलं, बाई, रात्रंदिवस हेच ओळखून राह्यली."

ती त्याच्यासमोर बसली. "हात दाखव."

"काही नाही."

"दाखव म्हटलं."

त्याच्या नखांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. तिनं त्याचे हात आपल्या हातात घेतले, तिच्या हातांशेजारी ठेवले आणि पाहत राहिली. चारही हात सारखेच दिसत होते. मग तिनं हळूच त्याच्या डोक्याकडे हात नेला.

"तुझ्या केसांत कापूस आहे."

"असन," तो म्हणाला. "सकाळपासून वावरात होतो."

तिला जिना आठवला. तिनं कापूस काढला, पण टाकला नाही, मुठीत ठेवला.

"तुझी सावड लय साचली," ती म्हणाली. "एवढे पापड तर तुझी आई दहा वर्षं करणार नाही. कशी फेडू?"

"फेड नको." त्यानं श्वास घेतला. "फेड म्हणून काही मागतच नाही. तू नाही म्हटलं तरी पुढच्या सुगीले मी येईनच, हे पहिले सांगतो. पण… मले तू पाहिजे. जन्मभर. तू शिकवशीन, मीबी काही करीन, अन् वेचणीच्या दिवसांत दोघं इथं येऊ. तुझ्या आईचं बोलणं ऐकू. एवढंच आहे माझ्याजवळ. वावर नाही."

ती मुठीतला कापूस बोटांनी उकलत राहिली. टिनावरचा पाऊस कमी झाला, पुन्हा वाढला. त्याला वाटलं, आपण चुकीच्या दिवशी सभा घेतली.

"असा तोंडी ठराव चालत नसते, सचिव," ती शेवटी म्हणाली. मान खाली होती, पण गाल हसत होते. "सभा बोलवा लागन. रीतसर."

"कधी?"

"बाजाराच्या दिवशी."

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. "कोणत्या बाजाराच्या? बुलढाण्याच्या का देऊळघाटच्या?"

धम्मशीला खळखळून हसली. "शिकला म्हणाचं. देऊळघाटच्या. त्या दिवशी बाबा वावरातबी जात नाहीत अन् बुलढाण्यालेबी, गावातच असतात."

ढिगाच्या पलीकडे काहीतरी हललं. कलाबाई तिथं ओला कापूस वेगळा करत बसल्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी मान वर केली नाही.

"अन् येतांना मायबापाले संग आणजो रे बाबू," त्या म्हणाल्या. "एकट्याच्या सभेत काय होते, थे तुले माहीतच आहे."